महिला बास्केटबॉलमधला डंक

बास्केटबॉलची रिंग पुरुषांना आणि महिलांना सारखीच, 3.05 मीटर उंच. व्हॉलीबॉलमध्ये महिलांची जाळी पुरुषांपेक्षा 19 सेंटिमीटर खाली बांधतात. बास्केटबॉलमध्ये सवलत फक्त चेंडूत, तो जरा लहान असतो. रिंग मात्र तेवढीच उंच, त्यामुळे उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये ठोसणे, म्हणजे डंक, महिलांच्या सामन्यात विरळाच.

अमेरिकेत 21 डिसेंबर 1984 रोजी जॉर्जिॲन वेल्सने महिलांच्या अधिकृत महाविद्यालयीन सामन्यातला पहिला डंक मारला. त्याची चित्रफीत प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाकडेच पडून राहिली; लोकांसमोर आली ती थेट 2009 मध्ये! डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये पहिला मान लिसा लेस्लीचा (2002), ऑलिंपिकमध्ये लिझ कॅम्बेजचा (2012, लंडन).

डंकला टाळ्या भरपूर, गुण मात्र दोनच. साध्या ले-अपलाही तेवढेच. तेव्हा डंक दिसत नाहीत म्हणून महिलांचा खेळ दुय्यम ठरवणे हा शुद्ध आळस. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, ती काही डंकच्या जोरावर नव्हे. कोल्हापूर असो की पुणे, मैदानावर मुलींकडून आधी घोटून घेतात तो ले-अपच: दोन पावले, एका पायावर उडी, आणि चेंडू बोर्डाला हलकेच लावून रिंगमध्ये.