संशोधनाला पाठबळ देताना

24 जून 1975 ची दुपार. अमेरिकेतील न्यू यॉर्क शहराच्या केनेडी विमानतळावर गडगडाटी पाऊस सुरू होता. काही मिनिटांपूर्वी एक विमान धावपट्टीवर कसेबसे उतरले होते, तर दुसऱ्याला अखेरच्या क्षणी पुन्हा वर झेपावावे लागले होते. त्यांच्यामागून आलेले प्रवासी विमान मात्र धावपट्टी गाठण्यापूर्वीच खाली कोसळले आणि 113 जण मृत्युमुखी पडले. एकाच ठिकाणी, एकाच पावसात तीन विमानांचे नशीब इतके वेगळे का ठरावे?

शिकागो विद्यापीठातील जपानी वंशाचे वातावरणशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या मते, काही गडगडाटी ढगांतून थंड व जड हवेचा लोट एकाएकी खाली येतो आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो. या लोटात सापडलेल्या विमानाला प्रथम समोरचा वारा मिळतो, त्यामुळे ते अधिक उचलले जाते. क्षणार्धात वरून येणारी हवा त्याला खाली दाबते. पाठोपाठ वारा मागून वाहू लागतो आणि पंखांना आधार देणारा हवेचा वेग घटतो. जमीन जवळ असल्यामुळे वैमानिकाला सावरण्यास अवधी उरत नाही. या लोटाला फुजितांनी 'डाउनबर्स्ट' व त्याच्या लहान प्रकाराला 'मायक्रोबर्स्ट' असे नाव दिले. मायक्रोबर्स्टचा विस्तार 4 किलोमीटरपेक्षा कमी असतो आणि तो काही मिनिटांतच विरून जातो.

अनेक तज्ज्ञांना ही कल्पना पटली नाही. वादळापुढे धावणारा नेहमीचा सोसाट्याचा वाराच फुजितांनी नव्या नावाने मांडला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद केवळ चर्चेने मिटणारा नव्हता. त्यासाठी वादळाच्या वाटेवर रडार उभारणे, मोजमापाची केंद्रे मांडणे आणि संपूर्ण ऋतूभर वाट पाहणे आवश्यक होते. एवढा खर्च कोणी करावा आणि तो योग्य आहे हे कोणी ठरवावे?

अमेरिकेत अशा मूलभूत संशोधनाला सार्वजनिक निधी देण्यासाठी 1950 मध्ये 'नॅशनल सायन्स फाउंडेशन' ही संस्था कायद्याने स्थापन झाली. व्हॅनेव्हर बुश यांनी 1945 मध्ये सादर केलेल्या अहवालात तिची बीजे होती. पैसा शासनाने द्यावा, पण संशोधनाची गुणवत्ता त्या विषयाच्या जाणकारांनी पारखावी, हा विचार तिच्या कार्यपद्धतीत रुजला. 1960 मध्ये याच संस्थेच्या निधीतून कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे वातावरणीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. एखाद्या एकट्या विद्यापीठाला न परवडणारी रडार, विमाने आणि संगणक तेथून अनेकांना उपलब्ध झाले.

या व्यवस्थेच्या मध्यभागी 'कार्यक्रम संचालक' हे पद निर्माण झाले. ही व्यक्ती स्वतः त्या विषयातील संशोधक असते. काही जण कायमस्वरूपी नोकरीत असत. काही जण विद्यापीठातून एक ते चार वर्षांसाठी येत आणि मुदत संपताच आपल्या वर्गात व प्रयोगशाळेत परतत. काल प्रस्ताव लिहिणारा आज प्रस्ताव पारखतो आणि उद्या पुन्हा प्रस्ताव लिहितो, असा हा क्रम होता. त्यामुळे अर्जदाराची धडपड त्याला परकी नसे.

अनेक दशकांच्या कामातून प्रस्ताव पारखण्याची एक पद्धत रूढ झाली. प्रस्ताव आला की कार्यक्रम संचालक त्या विषयाचे जाणकार निवडून त्यांची लेखी मते मागवत असे. या परीक्षकांची नावे अर्जदाराला कळत नसत, त्यांची मते मात्र कळवली जात. 1997 मध्ये परीक्षणाचे दोन मुख्य निकष निश्चित झाले: ज्ञानात पडणारी भर आणि समाजाला होणारा व्यापक लाभ. आपले विद्यापीठ, आपले विद्यार्थी किंवा आपले सहलेखक यांच्या प्रस्तावांपासून संचालकाने दूर राहावे, असा नियम होता. कारण निर्णय निःपक्षपाती असणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो तसा दिसणेही महत्त्वाचे असते.

तरीही परीक्षकांच्या गुणांची बेरीज म्हणजे निर्णय नव्हे. परीक्षकांची मते हा सल्ला असतो; शिफारस कार्यक्रम संचालकाला स्वतःच्या विवेकाने करावी लागते आणि ती लेखी कारणांसह वरिष्ठांपुढे मांडावी लागते. सर्वांना पसंत पडणारा प्रस्ताव कधी कधी केवळ सुरक्षित असतो. ज्यावर परीक्षकांत मतभेद होतात, त्यात एखादे नवे सत्य दडलेले असू शकते किंवा तो निव्वळ भ्रमही असू शकतो. अशा वेळी 'ही कल्पना खरी आहे का?' हे संचालक सांगू शकत नाही. 'ती खरी की खोटी, हे या प्रयोगातून निश्चित कळेल का?' एवढे मात्र तो विचारू शकतो. शिवाय नवोदित व अनुभवी संशोधक, मोठी व लहान विद्यापीठे, खात्रीचे व जोखमीचे विषय यांचा तोलही त्याला सांभाळावा लागतो. निधी मर्यादित असल्याने बहुतेक प्रस्ताव नाकारावे लागतात आणि त्यांत चांगले प्रस्तावही असतात. निराश संशोधकाला नकाराची कारणे समजावून सांगणे हा या कामाचा सर्वांत अवघड भाग होय.

फुजितांच्या कल्पनेची कसोटी घेण्यास फाउंडेशनने साहाय्य केले. 1978 मध्ये शिकागोच्या परिसरात डॉप्लर रडारांच्या मदतीने निरीक्षणे झाली आणि मायक्रोबर्स्ट प्रत्यक्ष नोंदले गेले. 1982 च्या उन्हाळ्यात डेन्व्हर विमानतळाच्या परिसरात अधिक मोठा प्रयोग झाला. त्यात शंभराहून अधिक मायक्रोबर्स्ट आढळले. ही घटना दुर्मीळ नव्हती. ती टिपणारी साधने पूर्वी योग्य जागी नव्हती, इतकेच. त्याच वर्षी 9 जुलै रोजी न्यू ऑर्लीन्सजवळ मायक्रोबर्स्टमध्ये सापडून एक विमान कोसळले व 153 जण दगावले. 1985 मध्ये डॅलस येथील अशाच अपघाताने 137 बळी घेतले. पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात या धोक्याचा समावेश झाला आणि 1990 च्या दशकात अमेरिकेतील अनेक मोठ्या विमानतळांजवळ खास डॉप्लर रडार उभारले गेले. 1994 मधील शार्लट येथील अपघातानंतर त्या देशात मायक्रोबर्स्टमुळे मोठे प्रवासी विमान कोसळल्याची घटना घडलेली नाही.

भारतातही 2012 मध्ये केंद्र शासनाच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने 'मान्सून मिशन' सुरू केले. पावसाचा अंदाज सुधारण्यासाठी देशी व परदेशी शास्त्रज्ञांकडून प्रस्ताव मागवून त्यांना निधी देण्यात आला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने या कार्याचे संयोजन केले. पेरणी केव्हा करावी, या शेतकऱ्याच्या प्रश्नाची वाटही अशा रीतीने एखाद्या प्रस्तावाच्या कागदांतून जाते.

सुखरूप उतरलेल्या विमानातील प्रवाशाला फुजितांचे नाव क्वचितच ठाऊक असते. त्यांच्या प्रयोगासाठी निधीची शिफारस करणाऱ्याचे नाव तर नसतेच. शोधाचे श्रेय शोधकाचे असते आणि ते त्यालाच मिळावे. परंतु उत्तर अजून कोणालाच ठाऊक नसताना, जनतेच्या पैशाची जाण ठेवून, 'हा प्रश्न तपासून पाहण्यासारखा आहे' असे म्हणण्याची जबाबदारी कोणीतरी स्वीकारावी लागते. विज्ञानाची वाटचाल या जबाबदारीवरही उभी असते.