जॅक्सन हाइट्समधला वन-बेडरूम

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले जॅक्सन हाइट्स तिथल्या मराठी मंडळींना माहीत असते ते ७४व्या रस्त्यावरच्या साड्या, दागिने आणि किराण्यासाठी. बाजारातून थोडे पुढे चालत गेले की विटांच्या जुन्या इमारती सुरू होतात. त्यांतल्या अनेकींच्या मधोमध, रस्त्यावरून दिसणार नाहीत अशा, बागा दडलेल्या आहेत. १९१७ मध्ये मेट्रोचा उन्नत मार्ग इथवर पोहोचला आणि क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने शेतजमिनीवर ही वसाहत उभारली. १९९३ पासून तिच्या मोठ्या भागाला वारसा-संरक्षण आहे. इथे ‘प्री-वॉर वन-बेडरूम को-ऑप’ची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या इमारतीतल्या घराची, जाहिरात दिसली की मुंबई-पुण्याकडचा माणूस हमखास म्हणतो, ‘म्हणजे आपली सोसायटीच की!’

तसे नाही.

न्यूयॉर्कच्या को-ऑपमध्ये इमारत एका कंपनीच्या मालकीची असते. घेणारा फ्लॅट विकत घेत नाही, तर त्या कंपनीचे शेअर घेतो. त्या शेअरांच्या जोरावर त्याला ठरावीक घरात राहण्याचा दीर्घ मुदतीचा भाडेकरार मिळतो. कोणत्या घराला किती शेअर, हे सहसा आकार, मजला आणि जागा पाहून ठरलेले असते आणि मतेही बहुधा शेअरांच्या प्रमाणात मोजली जातात. महाराष्ट्रातल्या सोसायटीत मात्र फ्लॅट केवढाही असो, सभासदाला मत एकच.

मेंटेनन्सचा आकडा ऐकून अनेकांचे डोळे पांढरे होतात. पण त्या रकमेत संपूर्ण इमारतीच्या मालमत्ता कराचा वाटा, कंपनीने इमारतीवर काढलेल्या कर्जाचा हप्ता, कर्मचाऱ्यांचे पगार, विमा आणि बहुतेक ठिकाणी गरम पाणी व हिवाळ्यातली उष्णता एवढे सगळे येते. यातल्या मालमत्ता करावर आणि कर्जाच्या व्याजावर अटी व मर्यादांत प्राप्तिकरात वजावट मागता येते. उलट, फार कमी मेंटेनन्स पाहून हुरळून जाऊ नये. सहा मजल्यांहून उंच इमारतीच्या दर्शनी भिंतींची दर पाच वर्षांनी तपासणी सक्तीची आहे. गंगाजळी रिकामी असेल, तर दुरुस्तीचा खर्च जादा वर्गणीच्या रूपाने रहिवाशांच्याच दारात येतो.

संचालक मंडळाबद्दल तर दंतकथाच फार. ते कोणालाही, कशाहीवरून नाकारू शकते, ही समजूत अर्धीच खरी. कारण न सांगता नकार देण्याची तिथली रीत जुनी आहे. १९८५ मध्ये सेंट्रल पार्कसमोरच्या ‘सॅन रेमो’ने मॅडोनालाही दार उघडले नव्हते. पण वंश, धर्म, मूळ देश किंवा अपंगत्व यांवरून नाकारणे बेकायदा आहे. या कायद्याची गरज का पडली, हे जॅक्सन हाइट्सच सांगेल. आज जगभरच्या भाषा कानावर पडणाऱ्या या वसाहतीत सुरुवातीच्या काळात ज्यू आणि कृष्णवर्णीयांना घर मिळत नसे. महाराष्ट्रात सोसायटीला नकाराची कारणे कळवावी लागतात आणि तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असे कायदा मानतो. या एका बाबतीत आपली कमिटी, कितीही कटकटी असली, तरी परवडली.

को-ऑप हे श्रीमंतांचे खूळ, असेही म्हटले जाते. पण ब्रुकलिनच्या सनसेट पार्कमध्ये १९१६ च्या सुमारास फिनलंडहून आलेल्या कामकऱ्यांनी पैसे जमवून ‘आल्कू’ ही सहकारी इमारत बांधली होती.

आता खुद्द घराकडे वळू. जाड भिंती, उंच छत, लाकडी जमीन आणि ऐसपैस प्रवेशदालन, हे कौतुक बरेचसे रास्त आहे. मात्र ‘भिंती आपल्या, हव्या तशा पाडू’ हा भ्रम महागात पडतो. भिंतीतून वाफेचे नळ गेलेले असतात आणि ते सगळ्या इमारतीचे असतात. १९२७ सालच्या ‘वन फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू’मध्ये एका रहिवाशाला स्वयंपाकघराच्या नूतनीकरणात असाच नळ सरकवायचा होता. मंडळाने अडवले, वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९० मध्ये निकाल मंडळाच्या बाजूने लागला. मंडळ प्रामाणिकपणे, इमारतीच्या हितासाठी आणि आपल्या अधिकारात वागले असेल, तर न्यायालय मध्ये पडणार नाही, असा दंडक त्यातून पडला.

जुन्या घरात थंडीने कुडकुडावे लागते, हीही एक भीती. तक्रार बहुधा उलटी असते: रेडिएटर इतका तापतो की जानेवारीतही खिडकी उघडावी लागते. शहराच्या नियमानुसार १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, बाहेरचे तापमान ५५ अंश फॅरनहाइटखाली गेले की दिवसा घरात किमान ६८ अंश राखावेच लागतात.

त्यामुळे जाणता खरेदीदार छताच्या नक्षीवर भाळण्याआधी वकिलाला कंपनीचे गेल्या दोन-तीन वर्षांचे हिशेब आणि मंडळाच्या बैठकांची इतिवृत्ते वाचायला लावतो. इमारतीवर कर्ज किती, छत कधी बदलले, गळतीची तक्रार कोणत्या मजल्यावरून येते आणि पोटभाडेकरू ठेवू देतात का, हे सगळे तिथे सापडते.