फ्रेंच भाषेतील अभिवादनांना प्रत्युत्तर

फ्रेंच भाषेत अभिवादनाला द्यावयाचे उत्तर हा बहुधा त्याच अभिवादनाचा पुनरुच्चार असतो. 'बाँझूर' (शब्दशः 'शुभ दिन') याचे उत्तर 'बाँझूर' हेच होय. त्यापुढे पुरुषास 'मस्य' किंवा स्त्रीस 'मादाम' हे संबोधन जोडल्यास आदर व्यक्त होतो. आडनाव घेण्याची आवश्यकता नसते. 'मादम्वाझेल' हे अविवाहित स्त्रीसाठीचे संबोधन शासकीय अर्जांतून काढून टाकावे, असे फ्रान्सच्या पंतप्रधानांच्या २०१२ मधील परिपत्रकात सांगितले गेले. तेव्हा प्रौढ स्त्रीस 'मादाम' म्हणणेच इष्ट. (येथील उच्चार देवनागरीत स्थूलमानाने दिले आहेत.)

फ्रान्समध्ये पावाच्या दुकानात, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात किंवा बसमध्ये चढताना प्रथम 'बाँझूर' म्हणण्याची रीत आहे. दुकानदाराच्या अभिवादनास उत्तर न देता एकदम वस्तू मागणे हा उद्धटपणा समजला जातो. महाराष्ट्रात वाण्याच्या दुकानात शिरताच 'साखर कशी दिली?' असे विचारण्यात कोणास काही वावगे वाटत नाही. त्यामुळे मराठी भाषकाकडून तेथे ही रीत सहज राहून जाते, आणि समोरची व्यक्ती तुटकपणे का वागली हे त्यास उमगत नाही. त्याच दिवशी पुन्हा भेट झाल्यास मात्र 'बाँझूर'ची पुनरुक्ती पहिली भेट विसरल्यासारखी वाटते. अशा वेळी 'रबाँझूर' म्हणतात किंवा नुसते स्मित करतात. सायंकाळी 'बाँस्वार' म्हणावे. 'बॉन न्वी' हे झोपण्यापूर्वीचे आहे.

'सा व्हा?' हा प्रश्न आपल्या 'काय, बरं आहे ना?' याच्या जातीचा आहे. प्रकृतीचा तपशील त्यात अपेक्षित नसतो. 'सा व्हा, मेर्सी. ए त्वा?' ('ठीक, आभारी आहे. आणि तू?') एवढे पुरते. औपचारिक 'कोमाँ ताले व्हू?' यास 'त्रे ब्याँ, मेर्सी. ए व्हू?' असे उत्तर द्यावे. उलट विचारणा हाच या उत्तराचा गाभा असून ती गाळल्यास संभाषण अर्ध्यावर तुटल्यासारखे होते.

'त्यू' आणि 'व्हू' हा भेद मराठीतील 'तू' आणि 'तुम्ही' यांच्याशी मिळताजुळता आहे, परंतु तंतोतंत नव्हे. बहुतेक फ्रेंच कुटुंबांत मुले वडिलांनाही 'त्यू' म्हणतात. अपरिचितास 'व्हू' हेच योग्य. 'त्यू'वर येण्याचा प्रस्ताव सहसा वयाने वा पदाने मोठ्या व्यक्तीने मांडावयाचा असतो.

निरोपाच्या 'बॉन झुर्ने' (दिवस चांगला जावो) यास 'मेर्सी, आ व्हू ओसी' ('आभारी आहे, आपणासही') म्हणावे. बोलण्यात 'आ' बहुधा गळतो. प्रथम परिचयात म्हटल्या जाणाऱ्या 'आँशाँते' (भेटून आनंद झाला) याचे उत्तर तेच. स्त्री ते बोलत असेल, तर लेखनात शेवटी एक अक्षर वाढते, उच्चार मात्र बदलत नाही.

'मेर्सी'ला फ्रान्समध्ये 'द रियाँ' किंवा अधिक अदबीने 'झ व्हू झाँ प्री' म्हणतात. कॅनडातील क्वेबेक प्रांतात मात्र त्याच ठिकाणी 'ब्याँव्हन्यू' हा शब्द ऐकू येतो. फ्रान्समध्ये तो केवळ पाहुण्याच्या स्वागतासाठी वापरतात.