उंचीची भीती : भित्रेपणा नव्हे, शरीराची सावधगिरी

परभणी जिल्ह्याचा बराचसा भाग गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील सपाट काळ्या जमिनीचा असल्यामुळे उंच कड्यांशी येथील माणसाचा संबंध कमीच येतो. तरीही विहिरीत वाकून पाहताना किंवा पूर्णेवरील येलदरी धरणाच्या सुमारे ५१ मीटर उंचीवरून खाली नजर टाकताना अनेकांचे पाय लटपटतात, तळहातांना घाम सुटतो आणि भोवळ आल्यासारखे वाटते. ही भीती डोंगराची नसून पायांखालच्या खोलीची असते.

उभ्या शरीराचा तोल डोळे, कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि स्नायू-सांध्यांतील संवेदना या तिन्हींच्या मेळावर टिकतो. स्थिर उभा दिसणारा माणूसही किंचित डोलत असतो आणि जवळच्या स्थिर वस्तूंच्या आधाराने डोळे ते डोलणे ओळखून सावरण्यास मदत करतात. उंचावर मात्र समोरचे सारे दूर गेल्यामुळे हा आधार तुटतो, डोलणे वाढते आणि मेंदू धोक्याची सूचना देतो.

या सावधगिरीची मुळे बालपणात आढळतात. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खोलगट भागावर भक्कम काच बसवली होती. रांगणाऱ्या बहुतेक बाळांनी पलीकडून आईने बोलावूनही त्या काचेवर जाण्याचे टाळले. रांगण्याच्या अनुभवाबरोबर ही जाण वाढत जाते, असे पुढील संशोधनातून दिसून आले.

हीच भीती प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने फार मोठी असेल, सहा महिने किंवा अधिक काळ टिकली असेल आणि तिच्यामुळे जिना, गच्ची किंवा पूल टाळून कामधंदा अडू लागला असेल, तर तिला भयगंड म्हणतात. ‘क्रमशः सामोरे जाणे’ हा त्यावरील परिणामकारक उपचार होय. सेलू तालुक्यातील वालूरच्या चक्राकार बारवेत ज्याप्रमाणे पायरी-पायरीने तळाकडे उतरावे लागते, त्याचप्रमाणे या उपचारात रुग्ण तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आधी उंच जागेचे चित्र पाहतो, मग पहिल्या मजल्याच्या कठड्याशी थांबतो आणि धडधड ओसरल्यावरच पुढचा टप्पा घेतो. भीती टाळल्याने घट्ट होते, तर सुरक्षितपणे अनुभवल्याने मेंदू नवा धडा शिकतो.

अशा व्यक्तीची चेष्टा करणे किंवा तिला बळेच कड्याशी ओढणे घातक ठरते. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. घरच्यांनी धीर देऊन तेथपर्यंत पोहोचण्यास साथ दिली, तर बरे होण्याचा मार्ग पुष्कळ सुकर होतो.