काढा बाटलीत गेला, लाडू डब्यातच राहिला

राणोजी शिंद्यांनी अठराव्या शतकात उज्जैनला बस्तान बसवलं, तेव्हा फौजेमागून कारकून, भिक्षुक आणि त्यांचे कुटुंबकबिलेही माळव्यात आले. १८१०च्या सुमारास दौलतरावांनी दरबार ग्वाल्हेरला नेला, पण क्षिप्राकाठची बरीच मराठी घरं हलली नाहीत. महाकालाचा जीर्णोद्धार कुणी केला हे इतिहासात सापडतं. बाळंतिणीसाठी चुलीवर काय रटरटत होतं, हे लिहून ठेवावं असं मात्र कुणाला वाटलं नाही. ते सासूकडून सुनेकडे गेलं आणि जाता जाता बदललंही.

अळिवाचंच बघा. कोकणात अळीव नारळाच्या पाण्यात भिजवतात. ते बुळबुळीत फुगले की ओलं खोबरं, गूळ घालून गोळा जमेपर्यंत ढवळत राहायचं. उज्जैनला ओला नारळ आधी देवाचा, उरला तर घरचा. त्यामुळे इथे डिंकाच्या लाडवाने बाजी मारली. डिंक तुपात फुलवायचा, तळहाताने चुरायचा, त्यात खारीक, सुकं खोबरं, सुंठ आणि भाजलेली खसखस. ही खसखस नीमच-मंदसौरच्या अफूच्या शेतांतली. अळीवही त्याच पट्ट्यात पिकतात. दौलतगंजातल्या पंसाऱ्याकडे ते ‘असालिया’ म्हणून मागायचे.

यातलं काही शास्त्रातही आहे. नेपाळात सापडलेल्या पोथीवरून १९३८ साली छापल्या गेलेल्या काश्यपसंहितेत शतपुष्पा आणि शतावरी या दोघींवर मिळून एक अख्खा अध्याय आहे: पाळीच्या तक्रारी, वंध्यत्व, सगळं त्यात येतं. शतपुष्पा म्हणजे आपल्या बाळंतशोपा. जेवणानंतर त्या चघळणाऱ्या आज्यांना संहितेची गरज पडली नाही.

काढ्याचं तसं झालं नाही. तो कुटायचा, आटवायचा, गाळायचा आणि बाळंतिणीची तब्येत पाहून बेतायचा. पनवेलला १८७२ साली धूतपापेश्वर सुरू झालं आणि हळूहळू वैद्याच्या घरची औषधं कारखान्यात तयार होऊ लागली. मग बाळंतकाढा नंबर एक, दोन, तीन: दहा-दहा दिवसांचा एकेक, महिना पुरा. सोय मोठी झाली, पण तब्येत पाहणारं माणूस मधून गेलं. पाळीच्या तक्रारींवरच्या अशोकारिष्टाचंही तेच: सीतेच्या अशोकाची साल म्हणून बागेतल्या उंच आसुपालवाची साल खपवतात, आणि बाटलीवरून ते कळत नाही. पाळी सुरळीत करण्याच्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४च्या कायद्याने बंदी आहे. भिंतींवर त्या रंगवणाऱ्यांपर्यंत हा कायदा बहुधा पोचला नसावा.

काही गोष्टी गेल्या त्या बऱ्याच झाल्या. पहिला चीक पिळून टाकायचा आणि बाळाला मध चाटवायचा, ही निव्वळ अडाणी बायकांची समजूत नव्हती. दूध तीन-चार रात्रींनी उतरतं, तोवर मध-तूप द्यावं, असं सुश्रुतातच आहे. मधातून अर्भकाला जीवघेणी विषबाधा होऊ शकते हे आता ठाऊक आहे, आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको म्हटल्यावर बाळगुटीची सहाणही कपाटात गेली. २००५मध्ये जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणं इस्पितळांत होऊ लागली. बाजेखालची शेगडी आणि ओव्याची धुरी यांना वॉर्डात जागाच नव्हती. उज्जैनच्या सरकारी इस्पितळाचं नाव मात्र चरक.

शतावरीने दूध खरंच वाढतं का? १९९६ साली दिल्लीत झालेल्या चाचणीत शतावरी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या आयांमध्ये फरक आढळला नाही. २०११च्या दुसऱ्या एका चाचणीत दूध तयार करवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेलं दिसलं. माझ्या मते शतावरी कल्पाचं निम्मं श्रेय त्याबरोबर पोटात जाणाऱ्या पेलाभर दुधाला आणि सव्वा महिन्याच्या विश्रांतीला द्यायला हवं. नीमचच्या मंडीतल्या अश्वगंधेचं वेगळं. तिचं नाव मोठं, म्हणून गर्भारपणातही कुणी शक्तीसाठी सुचवतं. ते करू नये, गर्भपाताचा धोका सांगितलेला आहे.

डिंकाच्या लाडवाला अशा चाचणीतून कुणी नेलं नाही, तरी तो इस्पितळातही पोचतो. सिझेरियन झालेल्या मुलीला तो तिसऱ्या दिवशी द्यायचा की दहाव्या, यावर आई आणि सासू यांचं अजून एकमत झालेलं नाही.