पांगाऱ्याची होडी

लाकूड कोरावयाचे म्हणजे जोर लावावयाचा, अशी आमची समजूत होती. ती पहिल्याच दिवशी खोटी ठरली. सावंतवाडीची खेळणी परंपरेने पांगाऱ्याच्या हलक्या, मऊ लाकडाची करीत; म्हणून त्याचाच वाळलेला तुकडा व घरातील जुना घडीचा चाकू घेऊन आम्ही होडी करावयास बसलो. चाकू बोथट होता. तो लाकडात न शिरता घसरू लागला. आम्ही अधिक जोर केला, आणि पाते थेट डाव्या अंगठ्यावर आले!

जखम बांधून झाल्यावर आजोबांनी प्रथम चाकू निसण्यावर घासला. धारदार पात्यास जोर थोडा लागतो, म्हणून ते ताब्यात राहते. मग त्यांनी लाकडातील रेषा दाखविल्या. रेषांच्या उताराने तासले की पातळ ढलपी निघते. उलट तासले की पाते आत रुतून लाकूड फाटते. पाते नेहमी अंगापासून दूर चालवावे. घडीच्या साध्या चाकूस अडसर नसतो. त्याच्या टोकाने भोक पाडू गेल्यास पाते बोटांवर मिटते.

होडी थोडी कललेलीच झाली. पण हौदात सोडताच ती तरंगली. अंगठ्यावरचा वण मात्र आम्ही अजून सर्वांना दाखवितो.