नफा ९९ कोटींचा, तोटा ६,८३५ कोटींचा

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे मार्च २०१९ अखेरचे आकडे आज पुन्हा वाचले तरी अस्वस्थ व्हायला होतं. ठेवी ११,६०० कोटींच्या वर. निव्वळ नफा ९९.६९ कोटी. ढोबळ एनपीए (थकीत कर्जं) ३.७६ टक्के, निव्वळ एनपीए २.१९ टक्के. भांडवल पर्याप्तता १२.६२ टक्के, म्हणजे तेव्हा बंधनकारक असलेल्या ९ टक्क्यांपेक्षा चांगलीच वर. बँकेची ताकद ज्या आकड्यांवरून जोखा असं ठेवीदाराला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, ते सगळे आकडे या बँकेकडे होते. सहा महिन्यांनी, २३ सप्टेंबरला, रिझर्व्ह बँकेनं निर्बंध लादले आणि खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील असं लोकांना कळलं. त्यानंतरच्या, २०१९-२०च्या ताळेबंदात ६,८३५ कोटींचा तोटा होता आणि बँकेचं नक्त मूल्य उणे ५,८५० कोटी झालं होतं.

एवढा खड्डा एका वर्षात पडत नाही. तो आधीपासून होता, फक्त झाकलेला होता. बँकेची सुमारे ७३ टक्के कर्जं एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती. नियम असा होता की एका समूहाला बँकेच्या भांडवली निधीच्या ४० टक्क्यांपलीकडे कर्ज द्यायचं नाही. पोलिसांत दाखल झालेल्या तक्रारीनुसार, समूहाची ४४ थकलेली कर्जखाती दडवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती कागदोपत्री उभी केली गेली आणि तीच यादी रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांपुढे ठेवली गेली. हजारो छोटे कर्जदार दिसले की कोणालाही वाटतं, धोका विखुरलेला आहे.

इथे भांडवल पर्याप्ततेचं गणित थोडं उलगडून पाहायला हवं. बारा टक्के म्हणजे जोखमीनुसार मोजलेल्या दर शंभर रुपयांच्या कर्जामागे बँकेचे स्वतःचे बारा रुपये. कर्ज बुडालं की आधी हे बारा जातात, नंतर ठेवीदाराच्या पैशाला हात लागतो. पण हे बारा रुपये खरे कधी? थकलेलं कर्ज थकलेलं म्हणून दाखवलं, त्यासाठी नफ्यातून तरतूद केली, तरच. थकबाकी लपवली की तरतूद वाचते, तरतूद वाचली की नफा फुगतो आणि फुगलेला नफा राखीव निधीत जाऊन पुन्हा भांडवलच वाढवतो. एका खोट्या आकड्यानं पुढचे तीनही सजतात. म्हणून एनपीए, नफा आणि भांडवल हे तीन वेगवेगळे पुरावे आहेत असं मानणं मला धोक्याचं वाटतं. तिघांची साक्ष एकाच तोंडातून येते.

मग ठेवीदारानं पाहायचं तरी काय? या बँकेपुरतं बोलायचं तर ताळेबंदाबाहेर काही खुणा उघड्यावर होत्या. बँकेचे अध्यक्ष पूर्वी एचडीआयएलच्या संचालक मंडळावर होते आणि मुख्यालय भांडुपला याच समूहानं बांधलेल्या मॉलमध्ये होतं. कर्ज देणारा आणि घेणारा इतके एकमेकांजवळ बसलेले असताना सभासदांनी सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारायला हवे होते. पण आपल्याकडच्या या सभा लाभांश जाहीर झाला की उरकतात.

पुढे कोसळलेल्या येस बँकेत खुणा वेगळ्या जागी होत्या. २०१५-१६साठी तिनं ७४९ कोटींचा ढोबळ एनपीए दाखवला. रिझर्व्ह बँकेनं तपासला तेव्हा तो ४,९२६ कोटी निघाला. पुढच्या वर्षी फरक ६,३५५ कोटींचा. बँकेनं दाखवलेला आकडा आणि तपासणीत निघालेला आकडा यांतला असा मोठा फरक २०१७पासून छापावा लागतो, त्यामुळे हे सगळं अहवालाच्या टिपणांत उपलब्ध होतं. बँक कोसळली ती ५ मार्च २०२०ला, जवळजवळ तीन वर्षांनी. टिपणं बारीक अक्षरांत, मागच्या पानांवर असतात म्हणून कोणी वाचत नाही. बँकेची प्रकृती मात्र तिथेच कळते.

त्या मार्चनं आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला आजही खुपते. येस बँकेवरचे निर्बंध दोन आठवड्यांच्या आत उठले, कारण स्टेट बँक आणि इतर मोठ्या बँका पैसे घेऊन धावल्या. भांडुपच्या बँकेचे ठेवीदार जानेवारी २०२२पर्यंत थांबले. मग युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झालं आणि ठेव विम्याच्या पाच लाखांवरची रक्कम टप्प्याटप्प्यानं, दहा वर्षांपर्यंत लांबलेल्या मुदतीत मिळेल असं ठरलं. निवृत्तीची सगळी पुंजी ठेवलेल्या माणसाला दहा वर्षं थांबायला सांगणं हा न्याय नव्हे. पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार तर २०१३पासून ताटकळले आणि २०२२मध्ये परवानाच रद्द झाला. बँक अडचणीत आली तर तिच्यामागे कोण उभं राहील, हाही तिच्या बळाचाच भाग आहे.

ठेव विम्याचा जन्मसुद्धा बँका बुडाल्यामुळेच झाला. १९६०मध्ये केरळची पलाई सेंट्रल आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, आणि १९६२मध्ये ठेव विमा महामंडळ आलं. १९९३ला एक लाखावर नेलेलं संरक्षण सत्तावीस वर्षं तिथेच राहिलं. फेब्रुवारी २०२०मध्ये ते पाच लाख झालं. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात आणि एका बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र मोजतात, हे शाखेतले कर्मचारी क्वचितच स्वतःहून सांगतात. २०२१च्या दुरुस्तीनं निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. गेल्या काही वर्षांत ठेवीदाराच्या पदरात पडलेलं सगळ्यात भरीव काही असेल तर ते हे.

फेब्रुवारी २०२५मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत मात्र ताळेबंदाच्या पहिल्याच ओळीनं दगा दिला. प्रभादेवी आणि गोरेगावच्या तिजोऱ्यांत १२२ कोटींची रोकड कमी भरली. रोख शिल्लक ही मोजायला सगळ्यात सोपी बाब, आणि तीच वर्षानुवर्षं लेखापरीक्षकांच्या नजरेतून सुटली. सलग दोन वर्षं तोट्याचे आकडे मात्र छापलेले होते. ऑगस्टमध्ये सारस्वत बँकेनं ही बँक सामावून घेतली, म्हणून ठेवीदार वाचले.

हल्ली मी कोणत्याही बँकेचा अहवाल मागच्या पानांपासून वाचायला घेतो. सगळ्यात मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जांचा किती टक्के वाटा आहे, तो गेल्या वर्षीपेक्षा वाढला का, तपासणीत किती फरक निघाला, लेखापरीक्षकांनी कुठे शेरा मारला आहे, हे आधी बघतो. मुदत ठेवींच्या व्याजदराचा फलक प्रत्येक शाखेत दर्शनी भागात लावलेला असतो. वीस कर्जदारांचा हा टक्का आणि पाच लाखांच्या विम्याचा नियम त्याच फलकाखाली ठळक अक्षरांत लावायला रिझर्व्ह बँकेनं भाग पाडावं, ही मागणी सभासदांनी येत्या सर्वसाधारण सभेत ठरावाच्या रूपात मांडायला हरकत नाही.